एकेचाळीस नावांचा सातबारा : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

हे पत्र लिहिताना आमच्या गटाचा सातबारा समोर ठेवला आहे. क्षेत्र दोन हेक्टरच्या आत आणि खातेदार 41. त्यातले नऊ जण हयात नाहीत. त्यांच्या वारसांची नोंद व्हायची आहे, म्हणजे नावं अजून वाढणारच. प्रत्यक्ष राबतो ती फक्त दोन घरं. रत्नागिरी जिल्ह्यात असे सातबारे वाडीवाडीत आहेत.

गेल्या वर्षी विहिरीच्या अनुदानासाठी अर्ज करायचा होता. सर्व सहहिस्सेदारांचं संमतीपत्र जोडा, असं सांगितलं गेलं. तीन रविवार मी डोंबिवली, विरार, कांजूरमार्ग करत फिरलो. हयात 32 जणांपैकी 27 सह्या मिळाल्या. एका चुलतभावाने दारातच सांगितलं, "आज विहीर खोदशील, उद्या जमीनही माझीच म्हणशील." मला त्याचा राग आला नाही. एका सहीपायी हिस्सा गेलेली घरं त्याने पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. अर्ज बारगळला.

मंत्रीमहोदय, वाटप होईपर्यंत सामाईक जमिनीच्या प्रत्येक इंचावर प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क असतो. कायद्याचं हे तत्त्व योग्यच आहे. पण वाटप होईपर्यंत जमीन वापरायची कशी, विहीर, वीजजोडणी, बांधावरची वाट यांचा निर्णय कोणी घ्यायचा, याची सुटसुटीत सोय कुठेच नाही. म्हणून विहिरीचा वादही मालकीचा दावा होऊन दिवाणी कोर्टात जातो.

वाटप करून घ्या, असं सगळेच सांगतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदार वाटप करून देऊ शकतात, पण मालकीचा प्रश्न कोणी उपस्थित केला की प्रकरण दिवाणी कोर्टाकडे जातं. पोटहिस्सा मोजणीलाही, म्हणजे गटातला प्रत्येकाचा तुकडा वेगळा मोजून घ्यायलाही, सर्वांची संमती हवी. कोर्टात गेलं तर आधी कोणाचा हिस्सा किती हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे प्रत्यक्ष सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून करायच्या, वाटपासाठी कागद पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात. तिथून ते तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जातात. नोटीस मुंबईच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर निघते, चाळ कधीच पडलेली असते, पाकीट परत येतं आणि मोजणीची तारीख पुढे ढकलली जाते. हुकूमनामा हातात असूनही खुंट रोवला न गेलेली कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कोर्टांनी नव्या अर्जाची वाट न पाहता पुढची कार्यवाही करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं आहे. तसाच नेट महसूल खात्यानेही धरायला हवा.

शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी 2025 मध्ये सरकारने माफ केली, त्याबद्दल मनापासून आभार. पण ज्यांचं एकमत आहे त्यांनाच तिचा उपयोग. आमची अडचण एकमताचीच आहे.

माझी मागणी कायद्यात फक्त वापरापुरती दुरुस्ती करण्याची आहे. एकूण हिश्शाच्या दोन-तृतीयांश हिस्सेदारांची संमती असेल, तर सामाईक जमिनीवर विहीर, वीजजोडणी, वाट आणि पोटहिस्सा मोजणीला परवानगी मिळावी. नोटीस टपालाबरोबरच जमिनीवर, ग्रामपंचायतीत आणि वृत्तपत्रात लागावी. आणि त्या परवानगीच्या आदेशातच स्पष्ट लिहावं की या वापरामुळे कोणाचाही हिस्सा घटणार नाही, सही करणाऱ्याचाही नाही आणि न करणाऱ्याचाही नाही. चुलतभावाला मी हेच तोंडी सांगत होतो, पण माझ्या शब्दावर त्याने का विसंबावं? ते सरकारी कागदावर असतं तर त्याने सही केली असती, असं मला आजही वाटतं.

यात बहिणींचा विचार आधी व्हावा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्माने सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हिस्सेदार, केलं आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध केलं. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्र पुढे करणारी घरं आहेत. वापराची संमती आणि हक्कसोड हे दोन कागद एकाच दिवशी, एकाच टेबलावर होऊ देऊ नका.

पाणाड्याने दाखवलेल्या जागेवर आम्ही चुन्याने वर्तुळ आखलं होतं. ते पहिल्याच पावसात धुऊन गेलं. दिवाळीनंतर पुन्हा आखणार आहोत. त्याआधी ही दुरुस्ती विधिमंडळात मांडावी, ही विनंती.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक सामाईक खातेदार