ऑइलच्या झाकणावर लिटरही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा संपत आला आणि दसरा जवळ आला की पुण्यात घरोघरी गाड्या धुणं, पॉलिश करणं, ऑइल बदलणं सुरू होतं. हल्ली मोबाइलवर बघून बघून घरीच ऑइल बदलणारे खूप वाढलेत आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट बरंच वाटतं, आपल्या गाडीच्या आत काय चाललंय हे माणसाला कळायलाच पाहिजे. पण माझं सगळं आयुष्य गॅरेजच्या कामात गेलंय आणि या दिवसांत एकच प्रकार परत परत बघतो म्हणून हे पत्र. लोक ऑइल जास्त भरतात. कमी पडू नये म्हणून इतकी काळजी घेतात की जास्त होतं, आणि जास्त झालं तर काय बिघडतं असंच बहुतेकांना मनापासून वाटतं.

याचं मोठं कारण म्हणजे डबा. नाना पेठेत गेलात तर कारचा साडेतीन लिटरचा डबा सहज मिळतो, स्विफ्टच्या जुन्या १.२ पेट्रोल इंजिनाला फिल्टरसकट ३ लिटरच्या आसपासच लागतं, आता उरलेलं ठेवायचं कुठे म्हणून माणूस सगळा डबा ओतून मोकळा होतो. स्कूटरचं तर विचारूच नका. ११० सीसीच्या बऱ्याच स्कूटरना पाऊण लिटरच्या आगेमागे पुरतं आणि दुकानात १ लिटरची बाटलीही मिळते, ती पूर्ण गेली म्हणजे पाव लिटर जास्त, आणि एवढ्याशा इंजिनात पाव लिटर ही मोठी गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे जुनं ऑइल पूर्ण निघालेलंच नसतं. आपल्याकडे सपाट जागा कुठे मिळते, सहकारनगर, वारजे, बावधनला रस्तेच चढाचे, सोसायटीत पार्किंगचा रॅम्प, त्यात पुढची बाजू जॅकवर उचललेली, आणि चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाचा) ऑइल काढायचा नट मागच्या अंगाला नसला तर बरंच ऑइल आतच राहतं. इंजिन थंड असलं तर ते नीट वाहतही नाही. फिल्टर बदलला नाही तर त्यातही पाव लिटरच्या आसपास जुनं ऑइल असतंच, ते धरायचं राहून जातं. आणि एक भयंकर प्रकार म्हणजे इंजिनाच्या नटाऐवजी गिअरबॉक्सचा नट उघडणं. गिअरचं ऑइल गेलं, इंजिनातलं जुनं तसंच, वर नवीन डबा ओतला, म्हणजे इंजिनात दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. आमच्या भागातल्या एका मुलाने हे केलं होतं, नशिबाने गाडी फाटकाच्या बाहेर काढायच्या आधीच कळलं.

आता जास्त ऑइलने होतं काय. ऑइलची पातळी वर आली की फिरणारा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा) त्यात आपटायला लागतो आणि रवीने ताक घुसळावं तसा ऑइलचा फेस होतो. फेसात हवा असते, पंप ती हवाच ओढतो, मग ऑइल भरपूर असूनही प्रेशर नीट मिळत नाही, टॅपेट वाजायला लागतात, बेअरिंगला पाहिजे तो थर मिळत नाही. इंजिनाच्या पोटात हवेचा दाब वाढून ऑइल सील गळायला लागतात. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर जाण्याच्या) पाइपातून ऑइल इनटेककडे, म्हणजे हवा आत यायच्या वाटेकडे जातं, स्कूटर असेल तर एअर फिल्टर ऑइलने भिजलेला दिसतो, कार असेल तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग काळे पडतात, आणि हे फार दिवस चाललं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) जातो, तो भाग किती महाग असतो ते ज्याने बदललाय त्याला विचारा. डिझेल इंजिन फारच भरलं असेल तर ते हेच ऑइल इंधन म्हणून ओढून आपोआप रेस होत जातं आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. हे क्वचित होतं पण होतं.

घाबरून जाऊ नका, कारमध्ये डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीच्या, वरच्या खुणेपेक्षा शे-दीडशे मिली जास्त गेलं तर आभाळ कोसळत नाही. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत पाऊण ते एक लिटरचा फरक असतो, त्यावरून किती जास्त झालंय याचा अंदाज येतो. अर्धा लिटर वर असेल तर मात्र गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, आधी ऑइल काढा. औषधांच्या दुकानात मोठी सिरिंज मिळते, तिला बारीक लांब नळी लावून डिपस्टिकच्या भोकातून थोडं थोडं ओढता येतं, वेळ लागतो पण खालचा नट ढिला करून हातभर ऑइल सांडण्यापेक्षा हे बरं. इंजिन गार झाल्यावरच करा.

आणि भरतानाच कारला अर्धा लिटर, दुचाकीला थोडंसंच कमी भरा ना. गाडी सपाट जागी, दुचाकी डबल स्टँडवर, साइड स्टँडवर अजिबात नाही. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा म्हणजे फिल्टर भरेल, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत घालून बघा, मग लागेल तसं थोडं थोडं घाला. काही दुचाकींची डिपस्टिक नुसती टेकवून बघायची असते, काहींची आटे फिरवून, ते पुस्तकात दिलेलं असतं, तिथे गडबड झाली तर माप चुकतंच.

बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) डिझेलवाल्यांना एक वेगळं सांगायचंय. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल कारना धुराची काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, त्यातली काजळी जाळून साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं. वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज रखडत छोटे छोटे फेरे असले तर ही सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणजे कुणी काही न ओतताच पातळी वर चढते. अशा वेळी जास्तीचं काढून भागत नाही, ते ऑइल पातळ झालेलं असतं, बदलावंच लागतं.

माझी मागणी साधी आहे. बऱ्याच गाड्यांच्या इंजिनात ऑइल भरायच्या झाकणावर झिरो डब्ल्यू ट्वेंटी वगैरे ग्रेड (ऑइल किती पातळ-घट्ट ते) छापलेला असतो, मग तिथेच फिल्टरसकट किती लिटर आणि फिल्टर न बदलता किती लिटर हे दोन आकडे छापायला काय हरकत आहे? सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला पुस्तक मिळतंच असं नाही, झाकण मात्र गाडीबरोबरच येतं. कितीतरी गाड्या आपल्याच पिंपरी-चाकणला बनतात, आणि वाहनांची मानकं ठरवणाऱ्या समितीचं काम कोथरूडच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतून चालतं, म्हणजे ज्यांनी ऐकायला पाहिजे ते सगळे आपला पेपर वाचणारे आहेत. ऑइल कंपन्यांनीही प्रत्येक डब्याला, बाटलीला मापाची पारदर्शक पट्टी द्यावी, काहींना असते, काहींना नसते.

आणि काढलेलं ऑइल कृपा करून गटारात ओतू नका, ते शेवटी मुठेतच जातं. कायद्याने तो घातक कचरा आहे, जुन्या डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे द्या, तिथून ते रिसायकलिंगला जातं.

आपला,
एक जुना गॅरेजवाला, धनकवडी, पुणे