काका, मधली खुर्ची तुमची

काका,

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

जुने प्लेनर स्पीकर घरी यावेत ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा. दाराच्या फळीसारखे उंच, सपाट, मागे खोका नाही. आत ताणलेल्या मायलारवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर, चिकटवलेली तार, आणि वरच्या सुरांसाठी दोन चुंबकांमध्ये टांगलेली ॲल्युमिनियमची रिबन, केसाहूनही बारीक जाडीची. पहिल्याच रात्री डाव्या स्पीकरमधून फरफर ऐकू आली. गाणारा खर्जात उतरला की हमखास.

विकणाऱ्याने "प्लेनर असेच वाजतात" म्हणून हात झटकले. एका दुरुस्तीवाल्याने ॲम्प्लिफायरवर खापर फोडलं. मी ॲम्प्लिफायर बदलला, फरफर होती तिथेच. दुसरा म्हणाला, "तुम्हाला भास होतोय." तरी उघडून बघतो म्हणत त्याने पोलादी स्क्रू-ड्रायव्हर आत घातला. चुंबकाने तो असा खेचला की रिबन उभी फाटली. आणि वर मलाच सांगितलं, ती आधीपासूनच फाटकी होती! हातून चूक होते, ती कुणाच्याही हातून होईल. पण आपली चूक झाकायला समोरच्याला खोटं पाडायचं? त्यानंतर महिनाभर मी स्पीकर लावलेच नाहीत. स्वतःच्या कानांवरचाच विश्वास उडाला होता.

तुम्ही आलात, मनगटावरचं घड्याळ काढून लांब ठेवलंत, पितळी हत्यारं मांडलीत. मला एकच विचारलंत, "नेमकं कुठे ऐकू येतं?" कापड उतरवलंत, खर्जाचा एकच सूर बारीक आवाजात लावून ठेवलात आणि बोटाचं टोक तारांवरून हळूहळू सरकवत नेलंत. एका जागी फरफर थांबली. बोट उचललं, पुन्हा सुरू. तुम्ही तिथे पेन्सिलीने खूण केलीत. मग माझा हात धरून माझं बोट त्या तारेवर टेकवलंत. "हलकेच दाबा. थांबलं ना? तुम्ही बरोबर ऐकत होतात."

काका, स्पीकर तर तुम्ही नंतर दुरुस्त केलेत. माझं काम तेव्हाच झालं होतं. ती तार थरथरत होती आणि माझ्या बोटाखाली गप्प झाली, हे मला अजून जाणवतं. तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं. पण माझा हात तिथवर न्यावासा तुम्हाला वाटला.

जुना गोंद सुटला होता, चार बोटं लांबीची तार मायलारवर आपटत होती, बस. रिबनच्या वेळी तुम्ही पंखा बंद करायला लावलात. ती चिमट्यात धरली तेव्हा माझ्या श्वासानेही हलत होती, मी तोंडावर हात धरून उभा होतो. गोंद वाळेपर्यंत तुम्ही जिम वाइनीने 1969 मध्ये मॅग्नेपॅन ही प्लेनर स्पीकरची कंपनी कशी सुरू केली ते सांगत होतात. अपोजी कंपनीच्या सिंटिला या रिबन स्पीकरचा 1 ओहमचा, म्हणजे फारच जड, भार ओढताना भलेभले ॲम्प्लिफायर कसे गुडघे टेकतात, तेही. मला विद्यार्थ्यासारखं समजावलंत, गिऱ्हाइकासारखं एकदाही नाही.

उजवा स्पीकर खोलून त्याचंही काम काढता आलं असतं. तुम्ही तो तारेतारेने तपासलात आणि म्हणालात, "याला काही झालेलं नाही, हात लावू नका." इतका सरळपणा मी मागितलाही नव्हता. आपलं काम जाणणारा आणि खरं बोलणारा माणूस भेटला की किती हलकं वाटतं!

तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्पीकर भिंतीपासून पुढे ओढलेत, खिडकीला जाड पडदा लावलाय, तारांवर ऊन येत नाही. खर्ज आता स्वच्छ लागतो. पुढच्या महिन्यात ऐकायला येतो म्हणाला होतात. नक्की या. दोन्ही स्पीकर जिथून नीट जुळतात ती खुर्ची एकच आहे, ती तुमच्यासाठी ठेवतो. मी बाजूला जमिनीवर बसेन.