बाबा, पेन्सिल सेलवरची बॅटरी घ्या

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगायला घेतलं की बाबा 'बरं बरं' म्हणून फोन आईकडं देतात आणि आई जेवण झालं का विचारते. म्हणून पत्रच लिहिते. चष्मा लावून, सावकाश वाचा.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं बाबांना ती हातभर लांब चार्जिंगची बॅटरी दाखवली ना, 'दोन किलोमीटरवर फोकस मारतंय' म्हणून, ती घेऊ नका. दोन किलोमीटरवर आपलं आहे काय? वडणग्याच्या रानात बांधावरून मोटरीच्या पेटीपर्यंत जायचं असतं आणि घरात लाईट गेली की कॉटपासून मोरीपर्यंत. उजेड पायाखाली पडला पाहिजे. लांब मारणाऱ्या बॅटरीचा सगळा उजेड एका ठिपक्यात गोळा झालेला असतो. पलीकडच्या शेतातलं झाड लख्ख दिसतं, पण पायाजवळची सरी अंधारातच राहते.

माझं म्हणणं असं की आधी सेल ठरवायचा आणि मग त्याला साजेशी बॅटरी बघायची. दुकानात सगळे उलटं करतात. आधी झगझगीत उजेड बघून भुलतात आणि घरी आल्यावर कळतं की ह्याचा सेल मिळतच नाही, किंवा आत काय आहे ते उघडूनच बघता येत नाही.

चार्जिंगच्या बॅटऱ्यांत दोन जाती आहेत. स्वस्त आणि हाताला जड लागते तिच्यात बहुतेक शिशाचा सेल असतो. ती रिकामी होऊन तशीच पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो. मग रात्रभर प्लगला लावा, दहा मिनिटांत मिणमिणायला लागते. माळ्यावरचा इमर्जन्सी दिवा असाच गेला. पुरात उपयोगी पडेल म्हणून घेतलेला, आणि नेमका तेव्हाच रुसून बसला. दर महिन्याला आठवणीनं प्लगला लावली तर ती वस्तू टिकते, पण आपल्या घरात कॅलेंडरवर फक्त दुधाचा हिशेब असतो.

दुसरी जात लिथियमची. वजनाला हलकी, उजेड झकास, मोबाइलच्या चार्जरवर चालते. चांगल्या कंपनीची असली तर तिला नाव ठेवण्यासारखं काही नाही. पण बऱ्याच बॅटऱ्यांत सेल आतच बसवून टाकलेला असतो, तो थकला की अख्खी बॅटरी कचऱ्यात. ज्यांचा सेल निघतो त्यांना 18650 नावाचा सेल लागतो, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, आणि बाजारात मिळतो त्यात खोटेपणा रग्गड. सेलात किती चार्ज मावतो त्याचा आकडा म्हणून वर 9900 एमएएच छापलेलं असतं. नामवंत कंपन्यांचे त्या मापाचे बहुतेक उत्तम सेलसुद्धा 3500-3600 च्या आसपास थांबतात. शिवाय असा सुटा सेल बाबांच्या खिशात किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर गेला आणि दोन्ही टोकं जुळली तर खिसाच पेटायचा. नकोच ते.

आणि पुराचं तुम्हाला मी काय सांगणार. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै दोन्ही तुम्ही काढलेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांना आलं की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आपल्या शुक्रवार पेठेत पोराटोरांनाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं की लाईट बंद करतात, ते बरोबरच आहे, पण मग ती कधी येईल त्याचा नेम नाही. चार्जिंगची बॅटरी पहिल्या रात्री साथ देईल, दुसरीही निभेल, पुढं काय? मोबाइलचा उजेड पाडत फिरू नका. फोन उतरला की इकडं आमचा जीव टांगणीला लागतो. फोन बोलायला ठेवायचा.

तेव्हा पेन्सिल सेल. भिंतीवरच्या घड्याळात असतो तो, एए. टीव्हीच्या रिमोटात असतो तो बारका, एएए, तो नव्हे. पेन्सिल सेल किराणा दुकानात मिळतो, एसटी स्टँडवर मिळतो, शेजाऱ्यांच्या घड्याळातूनही काढून आणता येतो. बारक्या सेलात पेन्सिल सेलाच्या निम्म्याहूनही कमी जीव असतो. दुकानात त्या ढीगभर बारीक एलईडींच्या चपट्या तोंडाच्या स्वस्त बॅटऱ्या असतात, त्यांत तीन बारके सेल प्लॅस्टिकच्या एका चकरीत बसवायचे असतात. अंधारात आईनं ती चकरी उघडायची, तीनही सेलांची दिशा बघायची आणि परत बसवायची? त्या घेऊच नका.

पेन्सिल सेलातही प्रकार आहेत. अगदी स्वस्त येतो तो कार्बन-झिंकचा. त्याचं जस्ताचं भांडं हेच त्याचं ऋण टोक असतं, सेल वापरात आला की ते आतून झिजत जातं, आणि संपलेला सेल तसाच ठेवला की पाझरतो. आजोबांची तीन सेलांची पितळी बॅटरी आठवते? मागचं झाकण फिरता फिरेना. पक्कडीनं फिरवलं तर स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर, आणि शेवटचा सेल फुगून नळीला असा घट्ट धरलेला की वरून ठोकला तरी हलला नाही. एवढी देखणी वस्तू, संपलेल्या सेलांपायी भंगारात गेली. हे सेल घड्याळाला आणि रिमोटला चालतात, बॅटरीत घालू नका.

अल्कलाइन महाग असतो, पण बॅटरीत कार्बनवाल्याच्या कितीतरी पट टिकतो. खोक्यावर किंवा सेलवर 'कधीपर्यंत वापरावा' ते वर्ष छापलेलं असतं, ते बघून लांबचं वर्ष असलेला घ्या. पुरासाठी हाच. चार सेलांचं न फोडलेलं पाकीट आईच्या कपाटात, वरच्या खणात ठेवा. बॅटरीत घालून ठेवू नका, कारण संपला की हाही पाझरतो. समजा पाझरलाच, तर ती पांढरी पूड बोटानं खरवडू नका. ती अल्कली असते, कातडीला आणि डोळ्याला वाईट. कापडाला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून हलक्या हातानं पुसा, मग ओल्या फडक्यानं, आणि पुरतं वाळू द्या.

रोजच्याला मात्र चार्ज होणारे पेन्सिल सेल, निकेल-मेटल हायड्राइडचे. त्यावर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि बाबा लगेच म्हणणार, 'साध्यात दीड, ह्यात सव्वासुद्धा नाही.' पण साधा सेल दीडपासून सुरू होतो आणि वापरता वापरता घसरत जातो. हा जवळजवळ शेवटपर्यंत 1.2 च्या आसपास टिकून राहतो. एलईडीच्या चांगल्या बॅटरीला ते पुरतं. आधी हे सेल कपाटात पडल्यापडल्या काही महिन्यांत आपोआप उतरायचे. 2005 साली जपानच्या सान्योनं एनेलूप नावाचा सेल काढला आणि तो वर्षभर ठेवला तरी बहुतेक चार्ज टिकवायचा. आता तसे सेल इतरही कंपन्या करतात. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' असलं की तो हा प्रकार. आकडा 2000 एमएएचच्या आसपासचा पुरे. 2700-2800 वाले दिसायला भारी, पण लवकर उतरतात आणि त्यांचं आयुष्यही कमी. पेन्सिल सेलवर 4000 च्या वरचा आकडा दिसला तर तो धडधडीत खोटा.

चार सेल आणि चार्जर मी इथून कुरियरनं पाठवते आहे. चार्जरवर प्रत्येक सेलचा दिवा वेगळा आहे आणि सेल भरला की तो आपणहून थांबतो. जोड्या मात्र मोडायच्या नाहीत. मी दोघांवर लाल आणि दोघांवर निळ्या नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. लाल-लाल बॅटरीत, निळे-निळे चार्ज होऊन डबीत. उजेड उतरला की अदलाबदल. एक भरलेला आणि एक रिकामा असे एकत्र घातले तर भरलेला सेल रिकाम्यातून करंट ढकलत राहतो, रिकाम्याची टोकं उलटी होतात आणि तो कायमचा बिघडतो. साधे आणि चार्जिंगचे तर कधीच एकत्र नको. आणखी एक. पेन्सिल सेलच्याच मापाचा 14500 नावाचा लिथियम सेल मिळतो, तो 3.7 व्होल्टचा असतो. कुणी 'जास्त उजेड पडंल' म्हणून दिला तरी घेऊ नका. बॅटरी जळेल.

आता बॅटरी. ती तुमच्या हातात नीट बसली पाहिजे, म्हणून तिथंच बघून घ्या. एक किंवा दोन पेन्सिल सेलांची, एलईडीची, पाचशेच्या आत काम होईल. दुकानात आधी मागचं झाकण फिरवून उघडा. आटे गुळगुळीत फिरले पाहिजेत, कडेला रबराची बारीक रिंग पाहिजे, स्प्रिंग बोटानं दाबली की सरळ वर आली पाहिजे. झाकण लावून कानाजवळ हलवा, आत काही खुळखुळलं तर ठेवून द्या. मग दुकानातल्या भिंतीवर उजेड मारा. मधे थोडा प्रखर आणि भोवती रुंद, मऊ उजेड असा पाहिजे. पुढंमागं सरकवून फोकस बदलणारी घेऊ नका, त्या सरकत्या गळ्यातून पावसाचं पाणी आत जातं. पाकिटावर आयपीएक्स4 असेल तर ती पावसाच्या शिंतोड्यांना टिकते. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याला 4 चालेल, 7 मिळाली तर उत्तम.

ल्युमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, मोठ्या आकड्यांना भुलू नका. जुन्या दोन सेलांच्या बल्बच्या बॅटरीनं आपण इतकी वर्षं चालवलं, ती वीसेक ल्युमेनची असायची. आता 100-150 ल्युमेन रानासाठी भरपूर झाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला मंद उजेड पाहिजे, आणि बटण दाबल्यावर पहिला तोच लागला पाहिजे. रात्री दोनला उठून मोरीत जाताना एकदम प्रखर उजेड पांढऱ्या फरशीवर पडला की डोळे दिपतात आणि परत येताना काहीच दिसत नाही. उजेडाची भराभर उघडझाप करणारा तो मोड नसलेलीच बघा, आईला त्यानं गरगरतं.

बाबांच्या डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे, त्यामुळे उजेडाचा रंगही बघा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपानं तो पांढरा दिसतो. स्वस्तातल्या बऱ्याच बॅटऱ्यांचा उजेड निळसर मारतो, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यात तो फार पसरतो. पाकिटावर 4000 के किंवा 5000 के असेल तर उजेड जरा पिवळसर पडतो. 6500 के म्हणजे निळसर. काहीच लिहिलेलं नसेल तर तळहातावर मारून बघा. हात मेलेल्या माणसासारखा दिसला तर दुसरी मागा.

रानातलं वेगळं. मोटरीला रात्रीची लाईट असली की बाबा पाणी पाजायला जातात आणि खोरं दोन्ही हातांत धरून बॅटरी गालाखाली दाबतात, हे मला आईनं सांगितलंय. तिथं डोक्याला लावायची बॅटरी घ्या. एका पेन्सिल सेलवर चालणारी मिळाली तर तीच, नाहीतर नाइलाजानं तीन बारक्या सेलांची. ती कामापुरती. बांधावरनं चालताना हातातलीच वापरा, आणि ती कमरेखाली धरून उजेड आडवा टाका. डोळ्यांच्या रेषेतून उजेड मारला की सावल्या पडत नाहीत आणि उसाच्या पाचटात पडलेली घोणस पाचटच वाटते. आडव्या उजेडात तिचा उंचवटा दिसतो. घोट्याच्या वरपर्यंतचे गमबूट घालायचे, त्यावर वाद नको.

बॅटरी आणलीत की आईच्या हातात द्या आणि अंधारात बटण दाबायला सांगा. तिच्या सांध्यांना ते जड गेलं तर दुसऱ्या दिवशी बदलून आणा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

इकडं सगळे मजेत. नातवाची परीक्षा संपली की आम्ही चौघं येतोय. आई, तांबड्या रश्श्याचा मसाला संपलाय, थोडा करून ठेव.

तुमची,
सोनी

ता. क. संपलेले सेल बंबात टाकू नका. बाबा कागद, करवंट्या, सगळंच टाकतात म्हणून लिहिते. विस्तवात सेल फुटतो. जुन्या बरणीत साठवून ठेवा, मी आले की पुण्याला घेऊन जाईन, आमच्या सोसायटीत ते वेगळे गोळा करतात.