‘टक्’ झालं की आधी लिहून ठेव

कोल्हापूर

चि. शीतल,

अनेक आशीर्वाद.

रविवारी मलकापूरच्या लग्नाला येताना आंबा घाट चढून तू चहाला थांबलीस आणि गाडी सुरूच होईना, हे फोनवर ऐकल्यापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही. पंचवीस मिनिटांनी ती काहीच झालं नाही अशी एका सेल्फमध्ये लागली. लग्न आटोपून तू रात्रपाळीसाठी तशीच रत्नागिरीला परतलीस, त्यामुळे गाडी मला बघताही आली नाही. काल तू म्हणालीस की गॅरेजवाला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, बदलायला सांगतोय. बाळ, आत्ता बदलू नकोस. श्रावणात नवी बॅटरी टाकून झाली, तरी गाडी अडलीच ना? म्हणजे एक अंदाज चुकला. दुसऱ्या अंदाजाला पैसे घालण्याआधी जरा थांब.

फोनवर मी तुला तेच तेच विचारत होतो, तू थोडी वैतागलीसही. पण तुझ्या उत्तरांतच निम्मं निदान होतं. चावी फिरवल्यावर इंजिन घर्र घर्र फिरत होतं का? नाही. फिरून पकडत नसतं तर मी पेट्रोलकडे, स्पार्ककडे, क्रँक सेन्सरकडे वळलो असतो. तो सेन्सरसुद्धा तापला की दगा देतो आणि निवला की चालतो. काहीच आवाज नसता तर क्लच पूर्ण दाबला होता का, पायाखालचं मॅट सरकून पेडलच्या आड आलं होतं का, रिले, इग्निशन स्विच, हे बघितलं असतं. बारीक टकटकटकटक असं लागोपाठ झालं असतं तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे म्हणालो असतो. तुझ्याकडे एकच झालं, जोरात, इंजिनच्या बाजूने. टक्. आणि डॅशबोर्डवरचे दिवे होते तसेच लखलखीत राहिले.

हे दिव्यांचं फार महत्त्वाचं आहे. सेल्फ जाम होऊन करंट ओढत असती तर दिवे मान टाकतात. बॅटरीच्या टर्मिनलवरच जोड सुटला असता तर ते विझले असते. दिवे ठणठणीत आणि सेल्फ गप्प, याचा अर्थ करंट सेल्फपर्यंत पुरता पोचतच नाही. आता संशय दोघांवर उरतो: सेल्फच्या सोलेनॉइडमधले, म्हणजे टक् करून तिला करंट जोडणाऱ्या स्विचमधले, झिजलेले कॉन्टॅक्ट, नाहीतर इंजिनची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वायर. तू म्हणालीस, गेल्या महिन्यात एकदा पावसाच्या सकाळी थंड गाडीलाही असंच झालं होतं. म्हणून नुसत्या घाटाच्या उष्णतेवर मी विश्वास ठेवत नाही. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, त्यामुळे घाट चढून उभ्या केलेल्या गाडीत आजार जास्त दिसतो, हे खरं. पण आजार आधीपासून आहे. आणि तू समुद्राकाठी राहतेस. खाऱ्या दमट हवेत जोड किती लवकर गंजतात, ते तिकडून येणाऱ्या गाड्यांत मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

‘दिवे लागतात म्हणजे वायरिंग ठीक आहे’ असं तुझा गॅरेजवाला म्हणाला. हिशेब करून बघ. दोन हेडलाइट मिळून साधारण ९ अँपियर घेतात, सेल्फ मात्र फिरताना १५० च्या आसपास ओढते. एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तर ९ अँपियरला तिथे ०.१८ व्होल्ट जातात, कुणाच्या लक्षातही येत नाही. १५० अँपियरला त्याच जोडात ३ व्होल्ट जातात. सेल्फ फिरताना बॅटरी आधीच साडेदहापर्यंत खाली येते, त्यातले ३ वाटेत गेले की सेल्फला उरतं काय? शिवाय दिव्यांची अर्थिंग बॉडीवर असते आणि सेल्फची इंजिनवर. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी आणि बॅटरीच्या मायनसशी जोडणारी जाड वायर वेगळी. ती अर्धवट तुटली तरी दिव्यांना पत्ताही लागत नाही.

तुला एक गोष्ट सांगतो, घरात कधी बोललो नाही. १९९८ साली गगनबावड्याकडचे एक शिक्षक अशीच गाडी घेऊन आले. कधी लागायची, कधी नाही. माझ्यासमोर दहा वेळा लागली. मी मीटर लावलाच नाही. सेल्फ उतरवली, ब्रश आणि बुश बदलले, पैसे घेतले. आठ दिवसांनी ते परत आले. रात्री आईला दवाखान्यात न्यायची होती आणि गाडी टक् करून गप्प बसली, शेजाऱ्याची जीप मागायला लागली. ते माझ्यावर ओरडले नाहीत. नुसते उभे राहिले. मी त्यांचे पैसे परत दिले आणि गाडीखाली शिरलो.

अर्थिंगची वायर वरून धडधाकट होती, काळं कव्हर कुठे चिरलेलंही नाही. मी ती लगजवळ, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीजवळ, दोन बोटांत धरून वाकवली तर आत करकर झालं, कोरडी भाकरी मोडावी तसं. ब्लेडने कव्हर चिरलं. आतून हिरवी भुकटी सांडली. तांब्याच्या एवढ्या तारांपैकी चार-पाच शाबूत, बाकी सगळ्या कुजलेल्या. इंजिन बंद होताना ज्या बाजूला हलून बसेल, त्यावर त्या तारा एकमेकींना टेकायच्या किंवा नाही टेकायच्या. म्हणून कधी लागायची, कधी नाही. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी एकही सेल्फ उतरवलेली नाही.

तू नर्स आहेस, तुला हे मी काय सांगावं. ताप उतरल्यावर आणलेल्या पेशंटला हात लावून काय कळणार? तुम्ही चार्ट बघता. गाडीचाही ठेव. डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटी वही टाक. अडली की तारीख, वेळ, गाडी गरम की थंड, पाऊस होता का, कसला आवाज आला, दिवे मंद झाले का, आणि सुरू व्हायच्या आधी तू नेमकं काय केलंस, हे सगळं लिही. तिथेच उभी राहून लिही. घरी गेल्यावर आठवून लिहिलेलं थोडं बदलतं.

पुन्हा अडली तर एक कर. तुझ्या डिकीत जंपर केबल आहे. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, बेल्ट आणि पंख्यापासून लांब. ओढणी बाजूला ठेव. लाल केबलला हात लावायचा नाही. मग चावी फिरव. सेल्फ लागली तर चोर सापडला, अर्थिंगची वायर. टक् तसंच राहिलं तर सोलेनॉइडकडे बघू, आणि त्याची खात्री पटली तर नवी सेल्फ मी स्वतः घेऊन देईन.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. मीटर आणतोय. रात्रभर उभ्या गाडीला बॅटरी १२.६ च्या जवळ हवी, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. मग तू चावी फिरवशील आणि मी बॅटरीच्या मायनस खुंटापासून इंजिनपर्यंत व्होल्ट मोजेन. तिथे ०.२ पर्यंत चालतं, एक व्होल्ट दिसला तर वायर दोषी. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत सोडून देतो. दहा मिनिटांचं काम आहे. ते झाल्याशिवाय कुणालाही पाना लावू देऊ नकोस.

तोवर रात्रीच्या ड्यूटीला गाडी नेऊ नकोस, मैत्रिणीबरोबर जा. रात्री दोनला हॉस्पिटलच्या मागच्या अंधारात तू एकटी चावी फिरवत बसली आहेस, हे मला सहन होत नाही. न्यायचीच वेळ आली तर उजेडात, माणसांची ये-जा असेल तिथे लाव.

आईने कांदा-लसूण चटणीचा डबा भरून ठेवलाय, तो आणतोच. आणि मी येईपर्यंत बॉनेट उघडून पाणी मारायचं नाही, टर्मिनल पुसायचे नाहीत. जसं आहे तसं मला बघायचंय.

तुझे,
आण्णा