लसीकरण शिबिरे शहराबाहेर न्या

संपादक महोदय,

बेळगाव शहरात अलीकडे रविवारी कुत्र्या-मांजरांसाठी अल्पदरातील लसीकरण शिबिरे भरताना दिसतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते आणि आपल्याकडे हा रोग माणसाला होतो तो बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातूनच. त्यामुळे स्वस्त लसीला माझा विरोध असण्याचे कारण नाही. माझी तक्रार आहे ती ही शिबिरे कुठे भरतात आणि त्यांची झळ कोणाला बसते याविषयी.

गेल्या हिवाळ्यात टिळकवाडी भागातील अशाच एका शिबिराला मी आमच्या कुत्र्याला घेऊन गेलो होतो. रांगेतील बहुतेक मंडळी मोटारीतून आलेली होती आणि बोलण्यावरून कळले की त्यांतील अनेकांचे नेहमीचे डॉक्टर ठरलेले आहेत. मीही त्यांच्यापैकीच एक, हे कबूल करतो. आमचा कुत्रा दोन दिवस नीट जेवत नव्हता आणि त्याच्या कानांत गोचिडी होत्या. हे सांगूनही ताप न मोजताच त्याला सुई टोचली गेली. कार्डावर तारीख पडली, पण लसीच्या बाटलीवरची बॅच क्रमांकाची चिठ्ठी काही चिकटवली गेली नाही. शिवाय तिथे मिळत होती ती फक्त रेबीजची लस. पार्वो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या जीवघेण्या रोगांची लस वेगळी असते, पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की ती सुरू करावी लागते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, हे तिथे कोणी सांगितले नाही. पिल्लू घेऊन आलेले एक गृहस्थ ‘आता वर्षभर काळजी नाही’ म्हणत निघून गेले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी न चिडता आपला हिशेब मांडला. लस टोचायला वेळ कमी लागतो आणि त्याचे पैसे खात्रीचे असतात. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवणारा फ्रिज, पावसाळ्यात तासन् तास वीज जाते तेव्हाचा इन्व्हर्टर आणि कंपाउंडरचा पगार हे सारे त्यातूनच निघते. रात्री अडलेली कुत्री किंवा पार्वो झाल्यामुळे सलग चार-पाच दिवस सलाईनवर ठेवावे लागणारे पिल्लू कोणत्याही शिबिरात जात नाही, ते त्यांच्याच दारात येते. अर्थात डॉक्टरांनीही आपल्या दरांचा फलक दवाखान्यात लावायला हवा. तो नसतो म्हणूनही लोक शिबिराची वाट धरतात.

खरी गरज आहे ती खानापूर तालुक्यातील गावांना आणि वाड्या-वस्त्यांना. जांबोटी, कणकुंबीच्या परिसरात कुत्रा शेताची आणि शेळ्यांची राखण करतो, रानडुकराच्या मागे धावतो, कोल्ह्याशी झटापट करतो. पण त्याने डॉक्टर जन्मात पाहिलेला नसतो. सरकारी जनावरांच्या दवाखान्यांचा बहुतेक वेळ गुरांच्या लाळ्या-खुरकुतात जातो आणि 2022 च्या लम्पीच्या साथीत तर तेथील डॉक्टरांना श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. एखाद्या भागातील किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या कुत्र्याला एरवीही लस मिळालीच असती, त्याला शिबिरात ती दिल्याने हे प्रमाण एका कुत्र्यानेही वाढत नाही. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात लसीकरणाची पथके घरोघरी आणि गल्लोगल्ली फिरली, आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे की, शहरातील शिबिरांची संख्या कमी करून ती गावांत न्यावीत, त्या-त्या भागातील खासगी डॉक्टरांना मानधन देऊन सोबत घ्यावे, आणि लसीचे कार्ड मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापून पुढील लसींसाठी कोणाकडे जायचे ते त्यावर लिहावे. वेळ मात्र सकाळी अकराची ठेवू नये, कारण तेव्हा कुत्री रानात असतात. दिवेलागणीला भाकरीसाठी ती घरी परततात आणि मालकही त्याच वेळी भेटतो. जांबोटी भागात असे शिबिर कोणी घेणार असेल, तर जागा मिळवून देण्याची आणि आदल्या दिवशी वस्त्यांवर फिरून निरोप देण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला,
एक श्वानपालक, खानापूर तालुका, जि. बेळगाव