राब्बी यहोशुआच्या घराच्या भिंती

अलिबाग

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद. शालोम.

तुझे पत्र पोहोचले. येशिवामधले, त्या धर्मविद्यालयातले, तिसरे वर्ष संपत आले असताना इस्राएलमधल्या लोदच्या आपल्या बेने इस्राएल मंडळींनी, म्हणजे कोकणातून गेलेल्या ज्यू लोकांनी, तुला दर शब्बाथच्या, शनिवारच्या, दुपारी तोरा हा आपला धर्मग्रंथ शिकवायला बोलावले आहे, हे कळल्यावर तुझ्या आईने तेवढा मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. आम्हा दोघांना झालेला आनंद इथे लिहून संपणार नाही. पण त्याच पत्रातल्या एका वाक्यापाशी मी चार दिवस अडून राहिलो आहे. "आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणाला काहीच येत नव्हते, आता तरी लोकांना नीट शिकवले पाहिजे," असे तू लिहिले आहेस. तू रागाने लिहिलेले नाहीस, कळकळीने लिहिले आहेस, हे मला समजते. तरीही पहिल्या पाठाला उभा राहण्याआधी तू हे पत्र वाचावेस, अशी माझी इच्छा आहे.

तालमूद या आपल्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या ब्राखोत भागातली राब्बान गमलिएलची कथा तू मूळ भाषेत वाचली असशील. मी ती भाषांतरातून वाचली आहे. राब्बान गमलिएल हे यवनेच्या विद्यापीठाचे प्रमुख होते. जेरुसलेमच्या मंदिराचा नाश झाल्यानंतर विखुरलेल्या समाजाला एकत्र धरण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि त्यासाठी लागणारा कडकपणाही त्यांच्याकडे होता. संध्याकाळची प्रार्थना सक्तीची की ऐच्छिक, या प्रश्नावर राब्बी यहोशुआंचे मत वेगळे आहे असे कळल्यावर त्यांनी त्यांना भर सभेत उभे केले आणि स्वतः बसून व्याख्यान चालू ठेवले. एवढा मोठा विद्वान शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा राहिलेला लोकांना बघवेना. सभेत कुजबुज वाढली, व्याख्यान थांबवले गेले आणि त्याच दिवशी राब्बान गमलिएल पदावरून दूर झाले. त्यांच्या जागी अठरा वर्षांच्या राब्बी एलआजार बेन अझार्या यांना बसवण्यात आले. ज्याचे अंतरंग बाह्यरूपासारखे नाही अशा विद्यार्थ्याने आत येऊ नये, असा राब्बान गमलिएलांचा नियम होता. तो नियम राबवणारा द्वारपाल त्या दिवशी हटवला गेला आणि एवढे विद्यार्थी आत आले की, कोणी म्हणतात चारशे, कोणी म्हणतात सातशे बाके वाढवावी लागली.

मला या कथेत सगळ्यात मोलाचे वाटते ते यापुढचे. पद गेलेला माणूस घरी जाऊन बसला नाही. ज्या सभागृहात सकाळी तो सर्वांत वर होता, तिथेच तो त्या दिवशी इतरांमध्ये बसला, चर्चेत भाग घेतला आणि एका अम्मोनी माणसाला समाजात घ्यावे की नाही या वादात त्याच राब्बी यहोशुआंकडून हरला. हरल्यावर तो म्हणाला, असे असेल तर मी जाऊन यहोशुआंची समजूत घालतो. तो त्यांच्या घरी गेला तेव्हा घराच्या भिंती काळ्या झालेल्या दिसल्या. "तुमच्या घराच्या भिंतींवरून दिसते की तुम्ही कोळशाचे काम करता," असे तो म्हणाला. राब्बी यहोशुआ म्हणाले, "ज्या पिढीचा तू पुढारी आहेस तिची धडगत नाही, कारण विद्वानांना कोणत्या हालअपेष्टांत पोट भरावे लागते, हे तुला ठाऊकच नाही."

इतकी वर्षे एका सभागृहात बसून ज्याच्याशी वाद घातला, त्याच्या घराच्या भिंती त्याने पाहिल्या नव्हत्या. माझ्या मते त्याची चूक सभेत उभे करण्यापासून सुरू झाली नव्हती, ती या न पाहण्यापासून सुरू झाली होती. त्याने क्षमा मागितली. पहिल्यांदा मिळाली नाही, पुन्हा मागितली, तेव्हा मिळाली. नंतर त्याला पदावर परत आणण्यासाठी निरोप पाठवला तो राब्बी यहोशुआंनीच.

बाळा, आपल्याही घराच्या भिंती काळ्या होत्या. तुझ्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता आणि त्या खोलीच्या भिंती तेलाने आणि दिव्याच्या काजळीने इतक्या माखल्या होत्या की चुना धरत नसे, असे माझे वडील सांगत. शनिवारी घाणा बंद राहायचा, म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणत असे. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, ही आपली परंपरा तू लहानपणापासून ऐकली आहेस. ग्रंथ नाहीत, गुरू नाहीत, हिब्रू वाचणारा कोणी नाही, अशा अवस्थेत किती शतके गेली हे कोणालाच सांगता येत नाही. तेवढ्या काळात शब्बाथ सुटला नाही, सुंता सुटली नाही, शेमा इस्राएल हे प्रार्थनेचे शब्द सुटले नाहीत आणि खवले नसलेला मासा चुलीवर चढला नाही. ज्यांना 'काहीच येत नव्हते' असे तू म्हणतोस, त्यांनी हे सांभाळले. शिकलेल्या माणसाला जे सांभाळण्यासाठी शंभर पुस्तके हाताशी असतात, ते त्यांनी एका वाक्यावर सांभाळले.

दाविद राहाबीची आठवण या जागी मला नेहमी येते. तो नेमका केव्हा आला याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, पण परंपरा काय सांगते ते पाहा. तो कोकणात आला, त्याने या लोकांच्या बायकांना मासे रांधायला दिले आणि त्या कोणते मासे बाजूला काढतात ते पाहिले. बिनखवल्यांचे मासे त्यांनी वेगळे केले, तेव्हा त्याला खूण पटली. मग त्याने शिकवायला सुरुवात केली आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतले तिघे तयार करून त्यांच्यावर काझीपणाची, म्हणजे धर्मकार्याची, जबाबदारी सोपवली. या लोकांना हिब्रू येत नव्हते. त्याने त्यांना काय येत नाही हे विचारले नाही, काय येते ते चुलीपाशी जाऊन पाहिले. लोदमधल्या तुझ्या पहिल्या पाठाची तयारी करताना मला तुझ्या डोळ्यांसमोर तो हवा आहे.

पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर होऊन गेले. हिब्रूचे एवढे मोठे पंडित, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. त्यांनी आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या, म्हणजे ज्या बाईला आलेफ हे हिब्रूचे पहिले अक्षरही ओळखता येत नव्हते तिलाही आपण देवाशी काय बोलतो आहोत ते कळावे. पाणी उंच जागा सोडून सखल जागी जाते आणि तोराही नम्र माणसापाशीच टिकते, ही तालमूदमधली उपमा तुला ठाऊक आहे. मला ती राजपूरकरांच्या कामात दिसते.

तू म्हणशील की नम्र राहायला मी नाही कुठे म्हटले. पण जे चूक आहे ते चूक म्हणायचे की नाही? म्हणायचे. इथे मला मुळीच संदिग्धता ठेवायची नाही. तालमूदमधल्या कामसा आणि बार कामसाच्या कथेत रोमने पाठवलेल्या बळीच्या जनावरात व्यंग निघाले, तेव्हा राब्बी झखार्या बेन आवकुलास लोक काय म्हणतील, लोक काय समजतील, असे करत राहिले. कोणताच निर्णय होऊ दिला नाही आणि पुढे आपले मंदिर जळाले ते त्यांच्या या 'नम्रते'मुळे, असे राब्बी योहानान यांनी स्पष्ट म्हटले आहे. शाऊल राजा निवडीच्या दिवशी सामानसुमानात लपून बसला होता. त्याच शाऊलाला पुढे शमुवेल संदेष्ट्याने सुनावले, की तू स्वतःच्या दृष्टीने लहान असलास तरी इस्राएलच्या वंशांचा प्रमुख आहेस. जबाबदारी टाळणे म्हणजे विनय नव्हे. मोशेनेही जळत्या झुडपापुढे 'मी कोण?' असे विचारले, आपली जीभ जड आहे असे सांगितले. पण मग तो गेला आणि फारोसमोर उभा राहिला. पृथ्वीवरच्या सर्व माणसांहून अधिक नम्र असे तोरा ज्याला म्हणते, त्यानेच सोन्याचे वासरू जाळून त्याचा भुगा केला.

म्हणून प्रश्न बोलण्याचा नाही, बोलण्याच्या क्रमाचा आहे. बेथ हिलेल आणि बेथ शम्माय या विद्वानांच्या दोन पंथांचा वाद तीन वर्षे चालला आणि आकाशवाणी झाली की दोन्ही जिवंत देवाचेच शब्द आहेत, पण आचरण बेथ हिलेलप्रमाणे व्हावे. का, तर ते सौम्य होते, सोशिक होते, आपल्याबरोबर प्रतिपक्षाचेही मत शिकवत आणि प्रतिपक्षाचे मत आधी सांगत. बेथ शम्माय बुद्धीने कमी होते असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. ज्याला समोरच्याचे म्हणणे समोरच्यापेक्षाही चांगले मांडता येते, त्याच्या निर्णयावर समाज विसंबू शकतो, असा मी याचा अर्थ घेतो.

आता माझ्याविषयी लिहितो. हे मी तुला आजवर सांगितलेले नाही. मुंबईत नोकरीला असताना मी एका सिनेगॉगच्या कमिटीवर होतो. तिथे एक वृद्ध गृहस्थ तिशा बेआवला, मंदिरनाशाच्या उपवासाच्या दिवशी, हाफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा, वाचत. त्यांची चाल जुनी होती, त्यांच्या वडिलांकडून आलेली. वयामुळे ते अक्षरांत चुकत. मी तेव्हा नुकताच दोन वर्षे हिब्रूच्या वर्गाला जाऊन आलो होतो. त्या दिवशी ते एका शब्दाला अडखळले आणि मी माझ्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, तो शब्द दुरुस्त केला. थोड्या वेळाने पुन्हा केला. तिसऱ्यांदाही केला. अर्थ बदलणारी चूक झाली तर ती सुधारून घ्यावी, हा नियम मला पाठ होता, परंतु त्या तिन्ही चुकांनी अर्थ बदलत नव्हता. त्यांनी वाचन पूर्ण केले, पुस्तक मिटले आणि मला नमस्कार करून ते घरी गेले. त्यानंतर ते पुन्हा कधीही तेबावर, वाचनाच्या व्यासपीठावर, चढले नाहीत. मी दोन महिन्यांनी त्यांच्या चाळीतल्या खोलीवर गेलो, माफी मागितली, त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "तुमचे बरोबरच होते." पुढच्या पावसाळ्यात ते वारले. ती चाल इतर कोणी शिकून ठेवलेली नव्हती.

पुष्कळ वर्षांनी मी मिद्राशमधले, जुन्या भाष्यातले, एक वचन वाचले. अडाणी माणूस तोरा वाचताना 'तू प्रीती कर' या शब्दाचा उच्चार चुकवून 'तू वैर कर' असे वाचतो, तेव्हा देव म्हणतो की त्याचे हे चुकणेही मला प्रेमच आहे. त्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवले आणि बराच वेळ काही वाचू शकलो नाही.

तुझ्या येशिवामध्ये राब्बी शिमोनचा मुलगा एलआजार याची गोष्ट शिकवली असेलच. तो मिग्दाल गेदोरहून, गुरूच्या घरून, नदीकाठाने गाढवावर बसून परतत होता आणि पुष्कळ तोरा शिकलो या आनंदात होता. वाटेत एका कुरूप माणसाने त्याला नमस्कार केला, तर त्याने विचारले, तुझ्या गावचे सगळेच असे आहेत का? तो माणूस म्हणाला, ज्याने मला घडवले त्या कारागिराला जाऊन सांग. एलआजार गाढवावरून उतरला आणि क्षमा मागत गावापर्यंत त्याच्या मागे चालत गेला. नंतर त्याने शिकवले, की माणसाने लव्हाळ्यासारखे लवचिक असावे, देवदारासारखे ताठ नसावे. म्हणूनच तोरा लिहिण्याची लेखणी लव्हाळ्यापासून होते. तुझे आजोबा ज्या बोरूने मोडी गिरवत, तोही असाच. मला या गोष्टीतले गाढव महत्त्वाचे वाटते. गुरूच्या घरून घराकडे येणाऱ्या त्याच वाटेवर तू आता आहेस.

रोज अमिदा प्रार्थनेच्या शेवटी आपण 'माझा जीव सर्वांपुढे धुळीसारखा असो' असे म्हणतो आणि त्याला लागूनच 'तुझ्या तोरासाठी माझे अंतःकरण उघड' असे म्हणतो. मी हे पन्नास वर्षे एका श्वासात म्हणत आलो आणि दोन्ही वाक्ये शेजारी का आहेत याचा विचार केला नाही. त्याच अमिदामध्ये सामान्य माणसाने कुठे वाकावे याच्या जागा ठरलेल्या आहेत, मुख्य याजकाने प्रत्येक ब्राखाला, आशीर्वचनाला, वाकावे असे सांगितले आहे, आणि राजा एकदा वाकला की प्रार्थना संपेपर्यंत उठत नाही, असे एक मत आहे. दर शब्बाथला तीस-चाळीस माणसे तुझ्याकडे तोंड करून बसतील, तेव्हा तुझ्या वाकण्याच्या जागाही वाढल्या आहेत.

पहिल्या पाठाला तिथल्या वयस्क बायकांना विचार की त्यांच्या आया मलिद्याचा विधी करताना काय म्हणत, एलियाहू हानावीचे, एलिया संदेष्ट्याचे, नाव केव्हा घेत, आणि ते सगळे ऐकून झाल्यावर तुझे पुस्तक उघड. जे हालाखाला, धर्मनियमांना, धरून नाही ते नंतर सांगता येईल आणि तेव्हा त्या ऐकतीलही.

पेसाहच्या सणाला तू येणार आहेस. इथे प्रार्थना चालवणारे हझ्झानकाका आता डोळ्यांनी अधू झाले आहेत, तरी सेलिखोतच्या, क्षमाप्रार्थनांच्या, सगळ्या चाली त्यांना तोंडपाठ आहेत. आल्यावर आधी फोन काढून त्यांचा आवाज भरून घेऊ नकोस. रोज सकाळी त्यांच्याकडे जा, शेजारी बस आणि म्हणायला शिक. ते चुकवतील तिथे त्यांच्यासारखेच म्हण. मीही तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
बाबा