लेन्सच्या मोजमापाचे काय? उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ऑप्टिक्सच्या सरकारी खरेदीत मानकांचा नेमका उल्लेख आणि पुणे परिसरात सामायिक ऑप्टिकल मोजमाप केंद्र

महोदय,
स.न.वि.वि.

आम्ही लेन्स, प्रिझम, आरसे आणि फिल्टर बनवणारे, त्यांवर कोटिंग चढवणारे आणि ते तपासणारे लोक आहोत. या राज्यात ऑप्टिक्सची गुणवत्ता कागदावर एका पद्धतीने आणि टेबलावर दुसऱ्याच पद्धतीने ठरते आहे. त्यात बदल करणे आपल्या खात्याला शक्य आहे, म्हणून हे पत्र.

निविदेत सहसा असे लिहिलेले असते : ‘पुरवठादार आयएसओ ९००१ प्रमाणित असावा, लेन्स उत्तम दर्जाची व ओरखडेविरहित असावी.’ आयएसओ ९००१ हे चांगले मानक आहे. पण त्यातून कळते ते एवढेच की कारखान्यात कामाची पद्धत ठरलेली आहे, नोंदी राहतात आणि उपकरणांचे कॅलिब्रेशन वेळेवर होते. लेन्सचा पृष्ठभाग किती नॅनोमीटरने चुकला आहे, याबद्दल ते काहीच बोलत नाही. ‘ओरखडेविरहित’ हेही मोजता येणारे वर्णन नाही. पुरेसा प्रखर दिवा आणि काळी पार्श्वभूमी घेतली, तर जगातल्या कुठल्याही लेन्सवर काही ना काही दिसतेच. मग माल घ्यायचा की परत पाठवायचा हे तपासणाऱ्याच्या नजरेवर आणि त्या दिवशीच्या उजेडावर ठरते.

यासाठी जगभर वापरली जाणारी भाषा आयएसओ १०११० या मानकात तयार आहे. ड्रॉइंगवर ‘३/ २(०.५)’ लिहिले की पृष्ठाच्या वक्रतेत दोन फ्रिंजपर्यंत (फ्रिंज म्हणजे प्रकाशाच्या व्यतिकरणात दिसणारा पट्टा, एक पट्टा म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची चूक) आणि आकाराच्या अनियमिततेत अर्ध्या फ्रिंजपर्यंत चूक चालेल, हे दोन्ही पक्षांना कळते. ‘४/’ नंतर सेंटरिंगची (लेन्सचा अक्ष मध्यावर असण्याची) टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, येते आणि ‘५/’ नंतर पृष्ठावरील दोषांची. ‘५/ २×०.१६’ म्हणजे ०.१६ श्रेणीचे दोन दोष चालतील. ही श्रेणी दोषाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळावरून ठरते, त्यामुळे दोष मोजता येतो. आपल्याकडे अजून सर्रास वापरली जाते ती अमेरिकी लष्करी पद्धत, ‘६०-४०’ किंवा ‘२०-१०’. यातला दुसरा आकडा खड्ड्याचा व्यास शतांश मिलिमीटरमध्ये सांगतो, म्हणजे ४० हा ०.४ मिमी. पहिला आकडा मात्र ओरखड्याची रुंदी नव्हे. नमुन्याच्या तुकड्याशेजारी धरून ओरखडा किती उजळ दिसतो, त्याची ती तुलना आहे. हे माहीत नसल्याने ओरखडा मायक्रोस्कोपखाली मोजून चांगला माल नाकारला जातो आणि खराब माल स्वीकारला जातो.

‘फ्रिंज’ हा शब्दही एकटा पुरेसा नाही. हीलियम-निऑन लेसरच्या ६३२.८ नॅनोमीटरवर एक फ्रिंज ३१६ नॅनोमीटरची असते, तर पाऱ्याच्या हिरव्या ५४६ नॅनोमीटर प्रकाशात २७३ची. एकच पृष्ठ एका ठिकाणी पास आणि दुसऱ्या ठिकाणी नापास व्हायला हा सुमारे सोळा टक्क्यांचा फरक पुरतो. ‘लॅम्डा/१०’ (चूक तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतकी) असा शिक्का असलेल्या अहवालात तरंगलांबी, पीव्ही (सर्वांत उंच आणि सर्वांत खोल बिंदूंतला फरक) की आरएमएस (चुकांची वर्गमूळ सरासरी), मोजलेला व्यास आणि वक्रतेची चूक वजा केली आहे की नाही, या चार गोष्टी नसतील तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. संदर्भासाठी वापरलेली फ्लॅट (अतिसपाट काच) किती अचूक होती, हा प्रश्न तर फार क्वचित विचारला जातो. फ्लॅट स्वतःच लॅम्डा/१० असेल, तर तिच्या जोरावर समोरच्या तुकड्याला लॅम्डा/२० म्हणता येत नाही.

तापमानाचे गणित छोट्या कारखान्याला सगळ्यात महाग पडते. १०० मिमी व्यासाची, १५ मिमी जाडीची, बीके-७ या नेहमीच्या ऑप्टिकल काचेची फ्लॅट घ्या. तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठात एका अंशाचा फरक राहिला, तर ती जवळपास ०.६ मायक्रॉनने वाकते, म्हणजे लेसरवर दोन फ्रिंज. लॅम्डा/१० ची मर्यादा ६३ नॅनोमीटर असते, त्यामुळे अंशाच्या दहाव्या भागाचा फरकसुद्धा ती जवळपास संपवायला पुरतो. पॉलिशिंगवरून उचललेला किंवा हाताने धरलेला तुकडा लगेच मोजला की तो आकडा हाताच्या उबेचाच निघतो. तुकडा तासन्‌तास शांत ठेवायला वातानुकूलित, कंपन नसलेली खोली लागते. तशी खोली आणि इंटरफेरोमीटर (फ्रिंज दाखवून पृष्ठ मोजणारे यंत्र) एकेका छोट्या युनिटने उभारावा, ही अपेक्षा रास्त नाही.

कोटिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तक्रारी तिथेच सगळ्यात जास्त असतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर बीके-७ चे परावर्तन साधारण ४.२ टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आत आणतो. पण काच कोटिंगच्या चेंबरमध्ये (तिथे पदार्थाची वाफ काचेवर बसवतात) सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवली नाही, तर थर मऊ राहतो. दिसायला दोन्ही जांभळे आणि सारखेच. पहिल्या पावसाळ्यात पुसताना फरक कळतो. म्हणून चाचणीची पद्धत निविदेतच लिहिलेली हवी : सुमारे ४९ अंश तापमानात ९५ टक्क्यांवर आर्द्रतेत २४ तास, मग चिकटपट्टी लावून झटक्यात ओढणे, मग सुमारे ४५० ग्रॅम दाबाने सुती कापडाच्या ५० घासण्या. कठीण वापरासाठी याऐवजी ठरावीक खोडरबराच्या, सुमारे एक किलो दाबाच्या २० घासण्या. या चाचण्या लेन्सवर न करता त्याच खेपेत ठेवलेल्या साक्षी तुकड्यावर करतात. हा तुकडा चेंबरच्या मधोमध आणि लेन्स कडेला ठेवली, तर दोघांवरची जाडी वेगळी होते. खोल वक्रतेच्या लेन्सच्या काठावर वाफ तिरकी पडते, थर पातळ बसतो आणि त्या भागात परावर्तनाचा आलेख निळ्याकडे सरकतो. म्हणून साक्षी तुकडा कुठे ठेवायचा हेही लिहावे लागते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत चालणाऱ्या उपकरणांसाठी आयएसओ ९०२२ मधली बुरशीची चाचणीसुद्धा मागायला हवी.

काचेचा मुद्दा थोडक्यात. प्रत्येक ब्लँकसोबत (घडवायच्या कच्च्या काचेच्या तुकड्यासोबत) त्या भट्टीचे मेल्ट सर्टिफिकेट, म्हणजे त्या वितळणीच्या काचेच्या गुणधर्मांचा दाखला, मागा. बीके-७ चा अपवर्तनांक १.५१६८ असतो, त्यात ०.०००५ ची चूक झाली की २०० मिमी फोकल लेन्थ ०.२ मिमीने हलते.

आता मागण्या. पहिली, राज्याची महाविद्यालये, रुग्णालये आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा ऑप्टिक्स घेतात, त्या निविदांना एक तांत्रिक परिशिष्ट जोडावे. त्यात आयएसओ १०११० प्रमाणे ड्रॉइंग, कोटिंगसाठी आयएसओ ९२११ आणि वर सांगितलेल्या चाचण्या असाव्यात. त्याचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ. याला पैसा लागत नाही, फक्त एक परिपत्रक लागते.

दुसरी, पुणे परिसरात सामायिक मोजमाप केंद्र. चिंचवडला वाहन उद्योगासाठी ऑटो क्लस्टर उभे राहिले, त्याच धर्तीवर. किमान १०० मिमीचा फिझो इंटरफेरोमीटर आणि त्याचे संदर्भ गोल, सेंटरिंगचे उपकरण, परावर्तन मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर, आर्द्रता आणि मीठ-फवाऱ्याचे चेंबर, अपवर्तनांकासाठी गोनिओमीटर. यंत्रे आणून ठेवली की केंद्र झाले असे मात्र नाही. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडून आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाची मान्यता, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणारी कॅलिब्रेशनची साखळी आणि पूर्ण वेळ पगारावर दोन मेट्रॉलॉजिस्ट (मोजमापतज्ज्ञ) हवेत. ही माणसे नसली तर यंत्रे प्लास्टिकच्या आवरणाखालीच राहतात.

निधीचे मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या संरक्षण चाचणी सुविधा योजनेत ४०० कोटींची तरतूद आणि प्रकल्प खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवले गेले आणि तिच्यातून तमिळनाडूच्या वाट्याला इलेक्ट्रो-ऑप्टिक्सचे केंद्र आले. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या क्लस्टर योजनेत सामायिक सुविधा केंद्र बसते. झेड (‘शून्य दोष, शून्य परिणाम’) प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के सवलत मिळते. तशीच सवलत राज्याने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतल्या प्रत्यक्ष मोजमापाच्या शुल्कावर द्यावी.

हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरींची वेधशाळा) उभे राहत आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. मुख्य आरसे अमेरिकेकडून येणार आहेत, पण अशा प्रकल्पाभोवती खिडक्या, साध्या लेन्स आणि किरण वळवणारे आरसेही लागतात. या कामासाठी राज्यातल्या कारखान्याने दर भरला, तर त्याच्याकडे पहिल्याच दिवशी मोजमापाचा अहवाल मागितला जाईल, संदर्भ फ्लॅटच्या कॅलिब्रेशनसकट. तो अहवाल राज्यातच तयार व्हावा, यासाठी परिशिष्टाचे परिपत्रक या आर्थिक वर्षात निघावे आणि मोजमाप केंद्राच्या प्रस्तावासाठी आपल्या खात्याने एक अधिकारी नेमावा, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील ऑप्टिक्सचे उत्पादक, पॉलिशिंग व कोटिंगचे कारागीर आणि तपासनीस